अन्नाची अ‍ॅलर्जी : समज आणि गैरसमज



आम्ही डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी करणारी माणसे. तरीही बोलायला उभे आहोत, कारण मागे एका बुद्धपौर्णिमेला आपल्याच खीरदानात एका मुलाने दोन घास खाल्ले आणि त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली. खिरीत काजूची पूड होती. कोणी म्हणाले पित्त झाले, कोणी कोकम आणायला धावले. एका बाईंनी तर मीठमोहऱ्या काढल्या. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या वस्तीत! रिक्षाने दवाखाना गाठला, इंजेक्शन मिळाले, मूल वाचले.

हे होते कसे? काहींचे शरीर काजू, शेंगदाणा, अंडे, दूध, कोळंबी यांतील निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते. आरंभी बाहेर काही दिसत नाही. शरीर फक्त खातेवहीत नाव चढवते, म्हणजे आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा तो पदार्थ आला की या पेशी हिस्टामिन वगैरे रसायने सोडतात. रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरतात, म्हणून सूज. श्वासनलिका आवळतात, म्हणून धाप. रक्तदाब कोसळला तर जिवावर बेतते. "परवापर्यंत तर खात होता" हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

१९२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. कुस्टनर या जर्मन डॉक्टरांना मासे सोसत नसत. त्यांचे रक्तजल सहकारी प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचताच गांध उठली. दोष रक्तात होता, कोणाच्या नजरेत नव्हता. तो घटक म्हणजे आयजीई, हे इशिझाका दांपत्याने १९६६ मध्ये दाखवले.

दूध पिऊन नुसते पोट फुगते, ती मात्र बहुधा अ‍ॅलर्जी नव्हे; ती दुग्धशर्करा न पचण्याची तक्रार.

धाप किंवा भोवळ आली तर अ‍ॅड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत टोचणे हाच पहिला उपाय. गोळी देऊन वाट पाहत बसू नये. रुग्णाला चालवू नये. आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, दम लागत असेल तर बसू द्यावे.

आणि आपला तो आग्रह! "एक घास तरी घे" म्हणणारे आम्हीच होतो त्या दिवशी. आता पातेल्याशेजारी पाटी असते: खिरीत दूध, काजू, बदाम. ती खडूने लिहिण्याचे काम त्याच मुलाकडे आहे.