जप्तीच्या आधीचे बक्षीसपत्र

दिंडोशीच्या न्यायालयात पैशाचा दावा जिंकलेल्या माणसाची खरी वणवण हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होते. बेलीफ घेऊन दारात जावे, तर फ्लॅट बायकोला बक्षीस दिलेला, गाळा मेहुण्याला विकलेला, गाडी भावाच्या नावावर. ऋणको नम्रपणे सांगतो, ‘माझ्या नावावर काहीच नाही हो.’ आणि ते खरेही असते!

अशा माणसाला तुरुंगाची तरतूद १८६० च्या दंड संहितेपासून आहे. तिची कलमे ४२१ ते ४२४ आता भारतीय न्याय संहितेत ३२० ते ३२३ झाली आहेत. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहेत. धनकोंच्या हाती पडू नये म्हणून मालमत्ता हलवली किंवा पुरेशा मोबदल्याशिवाय दुसऱ्याला दिली, तर कलम ३२० खाली सहा महिने ते दोन वर्षे कैद. दस्तात मोबदला खोटा लिहिला किंवा मालमत्ता दडवली, तर पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती, आता तीन. ऐकायला कडक वाटते. पण प्रत्येक ठिकाणी शेपटाला ‘किंवा दंड’ आहेच. शिवाय कलम ३२० चा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. चौकीत गेलात तर एनसी लिहून घेतात आणि कोर्टात जायला सांगतात.

सिद्ध करायचा असतो तो हेतू, आणि तिथेच बहुतेक जण अडतात. बायकोला घर देणे हा गुन्हा नाही. चार सावकारांपैकी एकाचे खरे कर्ज आधी फेडणे हाही नाही, बाकीचे तिघे कितीही चिडोत. मात्र नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत बक्षीसपत्र झाले, देणारा त्याच घरात राहतोय आणि वीजबिलही तोच भरतोय, तर न्यायाधीश काय समजायचे ते समजतात. तुरुंग नको, घर हवे असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चे कलम ५३ आहे. धनकोंना बुडवण्यासाठी केलेला व्यवहार त्याखाली रद्द करून घेता येतो; प्रामाणिकपणे मोल देऊन घेणाऱ्याला मात्र संरक्षण आहे.

आपल्या राज्याने यापुढचे पाऊल १९९९ मध्ये टाकले. ते म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा; त्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्यात सहा वर्षांपर्यंत कैद आहे, पण माझ्या मते त्याचा खरा दात वेगळा: सरकार आधी जप्ती करते. जप्त मालमत्ता पुरली नाही, तर जिने ठेवी घेणाऱ्या संस्थेची मालमत्ता सद्‌हेतूने व मोल देऊन घेतलेली नाही अशा व्यक्तीची तेवढ्या किमतीची मालमत्ताही न्यायालय जप्त करू शकते. मेहुणाही सुटत नाही. २०१३ मध्ये सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकवून बंद पडलेल्या एनएसईएल या वस्तूबाजाराला हाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ठरवले.

आपल्या सिद्धार्थनगरच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांना मालमत्ता कशी हातोहात निसटते हे सांगायला नको. घरे बांधून न देता विकासकाने चटईक्षेत्र दुसऱ्यांना विकले, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. आरोपच, निकाल नव्हे. तिथेही गुन्हा नोंदवला गेला तो फसवणूक आणि विश्वासघाताचा. मोठी प्रकरणे बहुधा त्याच वाटेने जातात, आणि मालमत्ता दडवण्याची ही कलमे पुस्तकात झोपून राहतात.

म्हणून तुमचे पैसे कुणाकडे अडकले असतील तर हुकूमनाम्याची वाट पाहू नका. समोरचा मालमत्ता विकायला निघाल्याची कुणकुण लागताच वकिलांना सांगून निकालाआधीच्या जप्तीचा अर्ज करा. इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, काढा, तारखा जुळवून पाहा. हुकूमनामा झाला असेल तर ऋणकोकडून मालमत्तेचे शपथपत्र मागा. न्यायालयाने आदेश देऊनही त्याने ते दिले नाही, तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.