नफा वर चढतो, जबाबदारी कुठे थांबते?

कंपनी सचिव मित्रमैत्रिणींनो,

आज बोलायचे आहे ते आपल्या रोजच्या कामाविषयी: मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्या.

व्याख्या तुम्हाला पाठच आहे. निम्म्याहून अधिक मते किंवा संचालक मंडळाच्या रचनेवर ताबा, यांपैकी एक असले की उपकंपनी ठरते. लोक समूह ओळखतात नावावरून. कायदा मते मोजतो. टाटांचेच पाहा. शिखरावर टाटा सन्स, आणि तिचे सुमारे ६६ टक्के भांडवल धर्मादाय न्यासांकडे. टीसीएसमध्ये टाटा सन्सचा वाटा सत्तर टक्क्यांहून जास्त, म्हणून ती उपकंपनी. टाटा स्टीलमध्ये तो साधारण एक तृतीयांश. नाव टाटांचे, पण केवळ मतांच्या हिशेबाने ती उपकंपनी ठरत नाही. टायटनमध्ये तर तामिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळही मोठे भागीदार आहे.

उपकंपन्या काढण्यामागे रास्त कारणे असतात. एका धंद्याचे कर्ज दुसऱ्याच्या अंगावर येत नाही, परदेशी भागीदार घेता येतो, एखादा विभाग विकायचा तर पूर्ण कंपनीला हात लावावा लागत नाही. हचिसनने २००७ साली केमन बेटांवरच्या कंपनीचा एक शेअर व्होडाफोनला विकला आणि भारतातल्या मोबाइल व्यवसायाचा ताबा गेला. या विक्रीवर इथे कर लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. त्याच वर्षी सरकारने कायदाच मागील तारखेपासून बदलला आणि २०२१ मध्ये तो बदल मागे घेतला. उपकंपन्यांचे थरांवर थर चढवण्याला २०१७ च्या नियमांनी दोनाची मर्यादा घातली, अर्थात अपवाद ठेवून.

पण थर मोजून प्रश्न सुटत नाही, हे भोपाळने शिकवले. युनियन कार्बाइड इंडियात अमेरिकी मूळ कंपनीचे ५०.९ टक्के भांडवल होते. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर तिचे म्हणणे असे, की कारखाना भारतीय कंपनी चालवत होती. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ मध्ये दावे भारतात चालवावेत म्हणून निकाली काढले, आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. लाभांश घेताना जी साखळी अखंड असते, ती भरपाईच्या वेळी तुटते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: समूहाचा तक्ता पाहताना टक्केवारीबरोबर निर्णय कुठे होतो, तेही विचारा. कंपनी कायद्याच्या कलम १६६ नुसार उपकंपनीच्या संचालकाचे कर्तव्य त्याच्या कंपनीशी, तिच्या कर्मचाऱ्यांशी, भागधारकांशी, समाजाशी आणि पर्यावरणाशी आहे. त्याला नेमणाऱ्या मूळ कंपनीची मर्जी राखणे हे त्यात कुठेही लिहिलेले नाही. महत्त्वाच्या असूचीबद्ध उपकंपनीच्या मंडळावर सूचीबद्ध मूळ कंपनीचा निदान एक स्वतंत्र संचालक असावा, ही सेबीची अट त्याचसाठी आहे. तो केवळ सही करून उठत असेल, तर अट कागदावरच राहते.

इतिवृत्त आपण लिहितो. मूळ कंपनीकडून आलेला ठराव उपकंपनीच्या मंडळाने चर्चा न करता मंजूर केला, तर चर्चा झाल्याचे लिहू नका. आणि सभेपूर्वी अध्यक्षांना स्पष्ट विचारा, की यात आपल्या कंपनीचे हित कोणते? या प्रश्नाचे उत्तर इतिवृत्तात आले, की पुढे न्यायालयाला जबाबदारी शोधत फिरावे लागणार नाही.