नारळ फोडण्याआधी



स्थापत्य अभियंता म्हणून आयुष्य गेलं, तेव्हा कामाच्या नियोजनावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं. वेळ थोडा आहे, म्हणून एकच उदाहरण देतो.

कोयनेचा चौथा टप्पा १००० मेगावॅटचा. त्यासाठी शिवसागर जलाशयातून पाणी घ्यायचं होतं, पण जलाशय रिकामा केला तर आधीच्या टप्प्यांची वीज बंद पडणार. मग जमिनीखालून जलाशयाच्या दिशेने बोगदा खणत नेला, शेवटी खडकाचं बूच तेवढं ठेवलं आणि १३ मार्च १९९९ रोजी ते स्फोटाने उडवलं. हेच 'लेक टॅपिंग'.

स्फोट काही क्षणांचा. पण बूच अर्धवट फुटलं, तर वर अख्खा जलाशय असताना दुरुस्तीला आत कोण जाणार? म्हणून अशा कामात सगळे प्रश्न आधी सोडवतात. खडकात भेगा कुठे आहेत? सुरुंग किती आणि कोणत्या क्रमाने उडवायचे? पाणी किती जोराने आत येईल? फुटलेला दगड टर्बाइनकडे जाऊ नये, म्हणून त्याच्यासाठी बोगद्यात आधीच खड्डा खणून ठेवतात. २५ एप्रिल २०१२ रोजी कोयनेत पुन्हा लेक टॅपिंग झालं, तेही यशस्वी.

आता आपल्या घरचं काम. शाळेच्या सभागृहासाठी जमलेल्या देणग्या ऐकून ऊर भरून आला. भूमिपूजनाची तारीखही सुचवली गेली. माझी विनंती आहे, नारळ फोडण्याआधी तीन गोष्टी करू.

पहिली, माती परीक्षण. मागच्या मैदानात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असेल तर भिंतींना तडे जातात. दुसरी, सभागृह रोज वापरणार त्या शिक्षकांना, मुलामुलींना आणि शिपाईमामांना विचारू. स्वच्छतागृह, रॅम्प, पावसाच्या पाण्याची वाट हे नकाशातच हवं. नकाशातली भिंत खोडरबराने हलते. बांधलेली हलवायला घण लागतो. तिसरी, वायरिंग, रंग आणि पुढच्या देखभालीसह पूर्ण अंदाजपत्रक. पैसे छतापाशी संपले, तर पावसाळ्यात उघड्या सळया गंजतील आणि देणगीदारांचा विश्वासही.

यात चार-सहा महिने जातील. जाऊ द्या. उदाहरण पूर्ण वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही, हे याच शाळेतल्या गणिताच्या तासाला शिकलो आपण.

माती परीक्षणाचा खर्च माझ्याकडे लागला. बाकीच्या दोन कामांसाठी आजच नावं द्या.