बाजार सोडायचा, तर सगळ्यांनी मिळून

(पक्षाच्या कार्यकर्ता-अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले; संगणकाचे शास्त्र मला अवगत नाही. तरीही हा विषय मी स्वीकारला, कारण तो मुळात मालकीचा प्रश्न आहे. आपण रोज जेथे बोलतो, वाद घालतो, मोर्चाची हाक देतो, ती जागा कोणाची?

गेल्या वर्षी आमच्या लहानशा अभ्यासमंडळाचे एका समाजमाध्यमावरील पान एका सकाळी नाहीसे झाले. सहा वर्षांची टिपणे, व्याख्यानांची छायाचित्रे, चार-पाचशे माणसांशी जुळलेला संबंध, सारे त्याबरोबर गेले. कारण कळले नाही. दाद मागावी तर कचेरी नाही, कारकून नाही. येते ते यंत्राचे ठरावीक उत्तर. भाडेकरूला निदान नोटीस तरी मिळते. आमची तेवढीही पायरी नव्हती.

ती का नव्हती, हे कंपनीच्या जमाखर्चात दिसते. फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते आणि त्यांपैकी सुमारे १३२ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले. म्हणजे तेथे गिऱ्हाईक आहे तो जाहिरातदार, आणि विकले जाते ते आपले लक्ष. माणूस जितका वेळ खिळून राहील तितकी कमाई अधिक. आणि संतापलेला माणूस जास्त वेळ खिळून राहतो. द्वेषाला तेथे मिळणारा मान मालकाच्या स्वभावावर अवलंबून नाही, तो धंद्याच्या हिशेबातून येतो.

मग सोडून का देत नाही? सोडून पाहिले गेले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर-खाते बंद करण्यात आले. त्यांनी लावलेले चित्र होते १९३६ सालच्या हॅम्बुर्गच्या गोदीतले : नाझी सलामी देणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभा असलेला एकटा कामगार. फॅसिझमला नकार देणारे हे चित्र कंपनीने द्वेषमूलक ठरविले. त्याच सुमारास दलित-बहुजन कार्यकर्त्यांनीही पक्षपाताचा आरोप केला आणि नोव्हेंबरमध्ये अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉन या नव्या माध्यमाकडे मोर्चा वळविला. पुढे त्यांतील पुष्कळ जण परतले.

त्यांच्या निष्ठेला मी दोष देणार नाही. आठवडी बाजारात शेतकरी दलालावर प्रेम असते म्हणून जात नाही. गिऱ्हाईक तेथे येते म्हणून जातो. एकट्याने दुसरीकडे पथारी पसरली तर नुकसान त्याचेच. आपल्याला तेथे बांधून ठेवते ते एकमेकांचे असणे, आणि कंपनी भाडे वसूल करते ते त्या असण्याचेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतले, तेव्हा बाजारात बसलेल्यांना कोणी विचारले नाही.

आता पर्याय काय आहे ते पाहू. २०१६ साली ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुणाने सुरू केलेले मॅस्टोडॉन हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोणीही ते घेऊन आपला सर्व्हर चालवावा. मात्र हे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. जसे एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनला बोलता येते, तसे एका सर्व्हरवरील सभासदाला दुसऱ्यावरील सभासदाचे लेखन वाचता येते. त्यासाठीचा समाईक नियम २०१८ साली जागतिक वेब-संघटनेने प्रमाण म्हणून स्वीकारला. नियम समाईक, कारभार स्थानिक. लोहियांची चौखंबा राज्याची कल्पना ज्यांनी अभ्यासली, त्यांना ही रचना परकी वाटू नये. असे सारे जाळे एका धनिकाने एका व्यवहारात विकत घेणे शक्य नाही.

परंतु विकेंद्रीकरण म्हणजे आपोआप समाजवाद नव्हे. २०१९ साली गॅब या अमेरिकेतील अतिउजव्या मंडळींच्या माध्यमाने हेच सॉफ्टवेअर उचलले. त्यांना ते वापरण्यापासून रोखता आले नाही. मात्र बहुतेक सर्व्हरांनी त्यांच्याशी संबंध तोडले. शिवाय सर्व्हर चालविणाऱ्याला मनात आणले तर सभासदांचे खासगी संदेश वाचता येतात. सर्व्हर बंदही पडतात. मोझिलासारख्या संस्थेने आपला सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. सभासदाला वेळीच दुसरीकडे जाता येते, अनुयायीही सोबत नेता येतात. जुने लेखन मात्र मागे राहते.

म्हणून सहकाराचा धडा येथे लागू आहे. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेला शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला. पुढे महाराष्ट्रात किती ठिकाणी सभासद झोपले आणि सम्राट जागे झाले, हे आपण पाहिले आहे. सर्व्हरला वीज लागते, देखरेखीला माणूस लागतो, त्याला पैसा लागतो. सोशल डॉट कूप हा सर्व्हर सभासदांच्या वर्गणीवर आणि त्यांच्या निर्णयांवर चालतो. पक्षाची वर्गणी आपण अभिमानाने देतो. बोलण्याच्या जागेची वर्गणी का देऊ नये? फुकटाची किंमत आपण पाहिलीच आहे.

माझ्या सूचना तीन आहेत. पहिली, आपले लेखन आणि सभासदांचे पत्ते आधी आपल्या दप्तरात ठेवा. कंपनीचे पान ही फक्त भिंत समजा, पोस्टर लावण्यापुरती. दुसरी, एकेकट्याने जाऊ नका. संपाची तारीख ठरवितो तशी तारीख ठरवून शाखेने, युनियनने, अभ्यासमंडळाने एकत्र जावे, आणि जुन्या पानावर नवा पत्ता लिहून ठेवावा. तिसरी, कायद्याचा आग्रह धरा. २०११ पासून देशभर फोनचा क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते, ती नियमामुळे. २०१६ साली दूरसंचार नियामकाने फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ला आळा घातला, तो लोकांच्या रेट्यानंतर. युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या संदेशसेवांना इतरांसाठी दार उघडण्याचे बंधन घातले. समाजमाध्यमे त्यातून सुटली आहेत. ती मागणी आपण येथे करावयाची आहे.

गोदीतला तो कामगार एकटा उभा राहिला, म्हणून आपण त्याला वंदन करतो. पण संघटनेचे काम हे, की कोणाला एकटे उभे राहावे लागू नये.