विद्येच्या घरचें जाणें-येणें
(कसबा बावडा येथील भाषण)



विद्वानांच्या घरच्या जुन्या गांठीभेटी सांगा, असा तुमचा आग्रह पडला. त्यांत बढाई मारण्यासारखें कांहीं नाहीं. पण तुमच्या कामाचें आहे म्हणून सांगतों.

१९६२ सालीं कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठ निघालें. डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. आम्ही त्या वेळीं कॉलेजांत होतों. नांगरामागून आलेला मुलगा वर्गांत बसूं लागला. पण वर्गांत अर्धीच विद्या मिळते. कोणतें पुस्तक आधीं वाचावें, अर्ज कसा लिहावा, कोणास भेटावें, ही उरलेली अर्धी विद्या शिकलेल्या घरचीं मुलें जेवतां जेवतां ऐकतात. आमच्या घरीं जेवतांना पाण्याची पाळी आणि सोसायटीचें कर्ज एवढेंच ऐकूं येई.

एका प्राध्यापकांकडे आम्ही रविवारीं जात असूं. पहिल्या दिवशीं चपला कोठें काढाव्या हेंहि कळेना. त्यांनीं आम्हांस थेट पुस्तकांच्या खोलींत नेलें. पुढें ते आमच्या घरीं आले, घोंगड्यावर बसले आणि वडिलांस उसाच्या खोडव्याविषयीं विचारून टिपून घेऊं लागले. आपल्यापाशींहि विद्या आहे, हें वडिलांस त्या दिवशीं कळलें. दुसऱ्या एका घरीं मात्र आम्हांस पायरीवरच पाणी मिळालें. तेथें आम्ही पुन्हां गेलों नाहीं.

हें दुखणें शाहू महाराजांनीं फार आधीं ओळखलें. याच बावड्यांत १८७४ सालीं जन्मलेल्या त्या राजानें १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं. बोर्डिंग म्हणजे नुसती भाकरीची सोय नव्हे. शहरांत ज्याचें कोणी नाहीं, त्यास ओळखीचें घर. कोल्हापुरांत शिकतांना भाऊराव पाटील महाराजांच्या सहवासांत आले आणि त्यांनींच १९१९ सालीं काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली. ओळखीचें पीक असें येतें.

आतां पाळी आपली आहे. १९८४ पासून बावड्यांत इंजिनियरिंगचें कॉलेज आहे. परगांवचीं पोरें आपल्या खोल्यांत राहतात. भाडें वेळेवर घेतां. पण ‘बाळ, काय शिकतोस?’ असें कधीं विचारतां काय? आपल्या पोरांस त्यांच्याजवळ बसवितां काय? आणि खोली देण्याआधीं आडनांव विचारून जात काढतां, हें खरें कीं खोटें?

आम्ही ज्या पायरीवर पाणी प्यालों, ती पायरी आपल्या दाराला बांधूं नका. येत्या रविवारीं एका विद्यार्थ्यास, जात न विचारतां, आपल्या पंक्तीला बोलवा.