केबलच्या चॅनेलांची दप्तरे



माध्यमांच्या इतिहासाचे अभ्यासक, ग्रंथपाल आणि जुने पत्रकार एवढ्या संख्येने एकत्र आले आहेत. अध्यक्ष म्हणून मिळालेला हा वेळ मी एकाच विषयासाठी वापरणार आहे. नव्वदच्या दशकात केबलवाल्यांनी गावोगावी स्वतःची चॅनेले सुरू केली. त्यांच्या इतिहासाची साधने गोळा करण्याची वेळ आता, या घडीला आहे.

मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास आपण ठरावीक टप्प्यांनी सांगतो. १९७२ला मुंबई दूरदर्शन, १९८२ला रंग, १९९१च्या आखाती युद्धानंतर डिश अँटेना, १९९२ला झी, १९९९ला अल्फा मराठी, २०००ला ई-टीव्ही मराठी. या मांडणीत तालुक्याचे गाव फक्त प्रेक्षक म्हणून येते. प्रत्यक्षात त्याच गावात गच्चीवर डिश आणि खालच्या खोलीत व्हीसीआर व मॉड्युलेटर मांडून कोणीतरी विसर्जन मिरवणूक दाखवत होते, पालिका निवडणुकीतल्या कोपरासभा दाखवत होते. लग्नाचे शूटिंग करणारा मुलगाच संध्याकाळी बातमीदार होई. पडद्याखाली सरकणाऱ्या पट्टीत वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवले-सापडले, दशक्रियेची वेळ आणि साड्यांचा सेल एका ओळीत येत. गाव स्वतःकडे कसे पाहत होते, याचा एवढा थेट पुरावा दुसऱ्या कुठल्याही साधनात मिळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे जपायला कायद्याने कधीच सांगितले नाही. १९९५च्या केबल कायद्याचे कलम ७ काढून पाहा. महिन्याभरात काय दाखवले त्याची थोडक्यात नोंदवही ठेवा, असे ते सांगते; तीही प्रक्षेपणानंतर फक्त एक वर्ष. २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत केबल कंपन्यांच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी ध्वनिचित्रमुद्रण सांभाळण्याची मुदत आहे ९० दिवस. तक्रार आली तर पुरावा हवा, एवढाच त्यामागचा विचार. छापील पुस्तकाची प्रत ग्रंथालयात जमा करण्याचा कायदा आपल्याकडे १९५४पासून आहे, १९५६मध्ये वृत्तपत्रेही त्यात आली. फ्रान्सने १९९२च्या कायद्याने तीच व्यवस्था दूरचित्रवाणीला लागू केली. आपण केली नाही. त्यात कॅसेट महाग. आजची बातमी दाखवून झाली की तिच्यावरच उद्याची भरली जाई.

तरी सगळे संपलेले नाही. केबलचालकाची नोंदणी हेड पोस्ट ऑफिसात होत असे आणि ती दर वर्षी नव्याने करावी लागे. करमणूक कर जोडणीगणिक घेतला जाई, त्यामुळे जिल्हाधिकारी कचेरीच्या करमणूक कर शाखेत चालकांच्या आणि जोडण्यांच्या नोंदी झाल्या. २०१७मध्ये जीएसटी आला आणि ही व्यवस्था बदलली. अशा शाखांची जुनी कागदपत्रे रद्दीत जायला वेळ लागत नाही. स्थानिक दैनिकांत ‘आज केबलवर’ म्हणून चौकटी येत, त्याही पाहा. या तिन्ही ठिकाणचे कागद शेजारी ठेवले तर एखाद्या जिल्ह्याचा केबलचा नकाशा उभा राहील.

१८९८मध्ये इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो वाईला सापडलेल्या कागदांवर. इतिहास राजधानीतल्या दप्तरखान्यात बसून मिळत नाही, माळ्यावर मिळतो, हे त्यांनी या महाराष्ट्राला शिकवले. आपल्या दप्तरांना मात्र तेवढी सवड नाही. व्हीएचएस फितीवरचा लेप दमट हवेत खराब होतो, बुरशी धरतो. ती वाजवणारी यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६मध्ये उत्पादन थांबवले. आणि एका तासाची कॅसेट संगणकावर उतरवायला एक तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका; आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. कॅसेटवरची चिठ्ठी काढून टाकू नका. तिच्यावरची तारीख आणि नाव हेच अनेकदा एकमेव टिपण असते.

कॅसेटइतकीच माणसेही महत्त्वाची. चॅनेल चालवणारे आज साठीच्या आसपास आहेत किंवा पुढे गेले आहेत. त्यांना पैसे कुठून आले, कोणाची बातमी दाबावी लागली, निवडणुकीत कोणी वायर कापली, हे विचारायला हवे. डिजिटल सक्तीने २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने छोटे चालक मोठ्या कंपन्यांच्या हाताखाली कसे गेले, हेही तेच सांगतील. फक्त मिरवणुका आणि सत्कार जपले तर आपण अर्धाच इतिहास जपू. ज्यांचे चेहरे त्या चित्रणात आहेत, त्यांच्या खासगीपणाचाही विचार करावा लागेल. म्हणून सगळे सर्वांसाठी खुले करण्याची घाई मी करणार नाही. आधी जपू, मग खुले करण्याचे नियम ठरवू.

समारोपाच्या ठरावात दोन मागण्या असाव्यात, अशी माझी सूचना आहे. पहिली शासनाकडे: करमणूक कर शाखा आणि पोस्ट ऑफिसांतले केबलविषयक कागद नष्ट करण्याआधी अभिलेखागाराला कळवावे. दुसरी आपल्याचकडे: प्रत्येक जिल्ह्याच्या ग्रंथालयात एक चालू व्हीसीआर, एक संगणक आणि फितींची ओळख असलेला एक माणूस असावा. ज्यांच्या घरी अशा कॅसेट आहेत त्यांनी दुपारच्या जेवणाच्या सुटीत आपले नाव आणि गाव सभागृहाबाहेरच्या टेबलावर नोंदवून जावे.