स्टॉकहोमचा पहिला दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला प्रवासावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हाच मी त्यांना सांगून ठेवले होते की, मी एकाच दिवसाची हकीगत सांगेन. २०१८ सालच्या जून महिन्यात आम्ही तीन मित्र पाठीवर सॅक टाकून युरोपच्या उत्तरेकडे गेलो होतो. एक प्राध्यापक, एक स्थापत्य अभियंता आणि तिसरा मी. तिघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे. कॉलेजात असताना सह्याद्रीतले गड पायी पालथे घालण्याचा छंद होता. बदल्यांच्या नोकरीत तो सुटला. गुडघे अजून ऐकतात तोवर एकदा हौस फेडून घ्यावी, एवढाच हेतू होता. घरच्या मंडळींनी आम्हांला यथेच्छ हसून घेतले आणि दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

मेलारेन सरोवराचे गोडे पाणी बाल्टिक समुद्राला जिथे मिळते, तिथे चौदा बेटांवर स्टॉकहोम शहर वसले आहे. विमानतळावरून बसने आम्ही मध्यवर्ती स्थानकापाशी उतरलो आणि नकाशा हातात धरून पायीच निघालो. वाटेत कॉफीसाठी थांबलो, तर दुकानातल्या मुलीने आमच्या कोऱ्या नोटा नम्रपणे परत केल्या. तिथे फक्त कार्ड चालत होते. ज्या सरकारी अधिकाऱ्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवले, त्याचे चलनच परत आले, अशी कोटी प्राध्यापकांनी केली.

कठड्यावर सोनेरी मुकुट असलेला एक पूल ओलांडला की शेप्सहोल्मेन हे बेट लागते. आमचा मुक्काम तिथल्या युवा वसतिगृहात होता, आणि ते वसतिगृह म्हणजे एक पांढरेशुभ्र शिडाचे जहाज होते! १८८८ साली इंग्लंडमधील व्हाइटहेवन येथे बांधलेले हे जहाज १९४९ पासून प्रवाशांना आसरा देऊ लागले. त्याचे नाव ‘अफ चॅपमन’. अठराव्या शतकात जहाजबांधणीला गणिताच्या पायावर उभे करणाऱ्या स्वीडिश नौकाशिल्पज्ञाचे ते नाव होय. हे सारे अभियंत्यांनी आम्हांला जिन्यावरच ऐकवले. हे नाव आपण ध्यानात ठेवावे.

सॅक टाकून आम्ही लहानशा फेरीबोटीने समोरच्या यूरगार्डेन बेटावर गेलो. तिथे वासा नावाच्या युद्धनौकेचे संग्रहालय आहे. “म्हणजे घराचे वासे फिरतात, त्यातला वासा?” प्राध्यापकांनी विचारले. आम्ही हसलो. अभियंते मात्र हसले नाहीत. ते का, हे मला संध्याकाळी कळले.

आत शिरल्याबरोबर अंधूक उजेडात ती नौका अंगावर आल्यासारखी उभी राहते. लांबी एकोणसत्तर मीटर, उंची बावन्न मीटरांहून अधिक, चौसष्ट तोफा, आणि शेकडो कोरीव मूर्ती. राजा दुसरा गुस्टाव्ह अडॉल्फ याने ती बांधविली. १० ऑगस्ट १६२८ रोजी, म्हणजे आपल्या शिवरायांच्या जन्माच्या दीड वर्ष आधी, राजवाड्याखालून ती पहिल्या सफरीला निघाली. किनाऱ्यावर अवघे शहर लोटले होते. जेमतेम तेराशे मीटर गेली असेल नसेल, वाऱ्याच्या एका झोताने ती कलली, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि लोकांच्या डोळ्यांदेखत ती तळाशी गेली. सुमारे तीस माणसे बुडाली. पहिल्या टप्प्यापुरती खलाशांना बायकामुले बरोबर नेण्याची मुभा होती. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या सांगाड्यांपैकी एक पुरुषाचा समजला जात होता. तो एका स्त्रीचा असल्याचे २०२३ साली डीएनए चाचणीतून निष्पन्न झाले.

लाकूड पोखरणारी समुद्रातली अळी बाल्टिकच्या मचूळ पाण्यात जगत नाही, म्हणून ३३३ वर्षे ही नौका तळाशी टिकून राहिली. २४ एप्रिल १९६१ रोजी ती वर आली. लाकूड आक्रसून तडकू नये म्हणून तिच्यावर सतरा वर्षे रसायनाचे फवारे मारले गेले. आपल्या कोकणच्या समुद्रात तिची काय गत झाली असती, हे रत्नागिरीकडच्या मंडळींना सांगावयास नको.

नौका बुडाली ती वर जड आणि बुडाशी अरुंद होती म्हणून. दोन्ही मजल्यांवर सारख्याच वजनाच्या जड तोफा चढविल्या होत्या. मूळचा डच कारागीर काम पुरे होण्याआधीच मरण पावला होता. कामगारांच्या मोजपट्ट्याही सापडल्या आहेत. त्यांतल्या काही बारा इंची स्वीडिश फुटाच्या, तर काही अकरा इंची ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या. हे पाहून आमचे अभियंते बराच वेळ मान हलवीत होते. परंतु आम्ही खिळून राहिलो ते आणखी पुढे. निघण्यापूर्वी नौकेची एक चाचणी झाली होती. तीस माणसांनी डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावावयाचे. तिसऱ्या फेरीलाच नौका इतकी डोलू लागली की, उपनौसेनापती क्लास फ्लेमिंग यांनी चाचणी थांबविली. जहाजावरच्या सारंगाने धोका बोलून दाखविला; बांधणाऱ्याने याआधीही जहाजे बांधली आहेत, काळजी नको, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. राजा दूर प्रशियात युद्धावर होता आणि त्याला नौका हवी होती. पुढे चौकशी झाली. कप्तान म्हणाला, तोफा पक्क्या बांधलेल्या होत्या; बांधणारे म्हणाले, मापे राजाने मंजूर केली होती. कोणीही दोषी ठरले नाही.

त्या चौकशीतले जबाब आजही वाचावयास मिळतात. सरकारी कागद पाहण्याचा नागरिकांचा हक्क ज्या देशाने १७६६ सालीच कायद्याने मान्य केला, त्या देशात याचे नवल वाटू नये. आपला माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा. माझ्या नोकरीतली एक जुनी फाइल त्या आधीची आहे.

ती गोष्ट आता सांगितली पाहिजे. अभियंत्यांची परवानगी घेऊनच सांगतो. ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. १९९९ च्या पावसाळ्यापूर्वी ते आणि मी एकाच कार्यालयात होतो. नव्याने दुरुस्त केलेल्या एका कोठाराच्या छपराची तुळई तडकल्याचे त्यांनी पाहिले आणि टिपण लिहिले : भार देऊन चाचणी घ्यावी, तोवर आत साठा ठेवू नये. फाइल माझ्याकडे आली. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, पाहुण्यांची पत्रे गेली होती. मी त्यावर शेरा मारला, ‘चर्चा करावी.’ चर्चा झाली नाही. जुलैत एका रात्री छप्पर खाली आले आणि पहारेकऱ्याचा पाय कायमचा अधू झाला. चौकशी समितीने अतिवृष्टीवर ठपका ठेवला. आम्ही दोघेही निर्दोष सुटलो. पुढे आमची मैत्री वाढली, एकमेकांच्या घरची कार्ये आम्ही निस्तरली. मात्र त्या फाइलीचा विषय एकोणीस वर्षांत एकदाही निघाला नव्हता.

फ्लेमिंगचे नाव वाचताना प्रथम मला त्याचा संताप आला. मग वाटले, चाचणी पूर्ण होऊ दिली असती तर नौका तिथेच, धक्क्याला बुडाली असती, आणि राजाला पत्र लिहिण्याचे काम त्याच्यावरच आले असते. हा विचार मला इतक्या सहजपणे सुचला, याचीच भीती वाटली. बाजूला पाहिले, तर अभियंते तीच पाटी वाचीत उभे होते. कोणीच काही बोलले नाही.

दुपारनंतर जुन्या शहरात गेलो. १५२० साली जिथे सरदारांची आणि धर्मगुरूंची मुंडकी उडविली गेली, तो स्टोर्टोर्येट चौक आज चित्रातल्यासारखा दिसतो. तिथून पुढे एक गल्ली अरुंद होत होत नव्वद सेंटिमीटरवर येते. प्राध्यापकांनी तिथे उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. आम्हां दोघांचे लक्ष नव्हते.

रात्रीचे दहा वाजत आले तरी उजेड होता. प्राध्यापक झोपावयास गेले. आम्ही दोघे जहाजाच्या डेकवर उरलेल्या दशम्या घेऊन बसलो. समोर राजवाडा, खाली पाणी. वासा त्याच पाण्यावरून गेली होती.

ते म्हणाले, “साहेब, चर्चा करावी असं लिहिलंत. मग बोलावलं का नाहीत?”

त्या कार्यालयातून बदली होऊन इतकी वर्षे लोटली तरी ते मला साहेबच म्हणतात. मी म्हणालो, “बोलावलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं.”

ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मीही दुसरं टिपण लिहिलं नाही. साठा आत जाताना मी दारातच उभा होतो.”

परत आल्यावर आम्ही दोघे त्या पहारेकऱ्याच्या गावी गेलो. तो भेटला. त्याच्याशी झालेले बोलणे मात्र मी इथे सांगणार नाही. ते त्याचे आहे. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले.